सुलभ आणि सुबोध : मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या निवडीतील अधिकारविचार

संस्कृत शास्त्रग्रंथांच्या प्रारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी असे चार अनुबंध सांगण्याचा परिपाठ होता. त्यांपैकी पहिले तीन ग्रंथाकडे पाहतात; चौथा वाचकाकडे पाहतो. हा ग्रंथ कोणी हाती घ्यावा आणि कोणत्या पूर्वतयारीनिशी घ्यावा, हे आधी स्पष्ट झाल्याखेरीज ग्रंथास प्रवृत्त होणे शास्त्रकारांना अप्रशस्त वाटे. येथे अधिकार या शब्दाचा अर्थ प्रतिष्ठा असा नाही. वेदान्तातील अधिकाऱ्याच्या लक्षणात विवेक, वैराग्य इत्यादी संपत्तीच्या जोडीला मुमुक्षुत्वही सांगितले आहे. म्हणजे त्या माणसास काय साधलेले आहे एवढेच पाहून भागत नाही, त्याला काय हवे आहे हेही पाहावे लागते. योग्यता आणि इच्छा या दोहोंच्या मेळातून अधिकार ठरतो.

मुक्तस्रोत कार्यप्रणालीची, म्हणजे व्यवहारात ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिची, निवड हा मूलतः असाच अधिकारविचाराचा प्रश्न आहे. परंतु त्याची चर्चा आज ज्या रीतीने होते तीत हा चौथा अनुबंध फार ढोबळपणे हाताळला जातो. नवख्याने मिंट घ्यावे, थोड्या मुरलेल्याने फेडोरा किंवा डेबियन घ्यावे आणि पारंगताने आर्च घ्यावे, अशी एक शिडी रूढ झाली असून तिच्या पायऱ्यांची तपासणी सहसा कोणी करीत नाही. या तपासणीला अलीकडे निकड आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण आधारसेवा थांबविली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर आवश्यक ठरविल्यामुळे, धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे अधिकृत मार्गाने पुढे नेता येत नाहीत. अशी यंत्रे विद्यापीठांच्या विभागांत आहेत, ग्रंथालयांत आहेत, संशोधक विद्यार्थ्यांच्या घरी आहेत. आणि त्यांवर अर्धवट लिहिलेले प्रबंध आहेत. निवड चुकली तर तिची किंमत पैशांत नव्हे, त्या प्रबंधांत मोजावी लागते.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहिले पाहिजे. लिनक्स हे काटेकोरपणे बोलायचे तर केवळ एका गाभ्याचे नाव आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या जीएनयू प्रकल्पातील साधने, पडद्यावरील चित्रमय डेस्कटॉप, आणि लेखनापासून संगीतापर्यंतचे हजारो कार्यक्रम त्या गाभ्याभोवती जुळवून जी वापरण्याजोगी वस्तू सिद्ध होते, तिला वितरण म्हणतात, बोलण्यात ‘डिस्ट्रो’. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वितरणे शेकड्यांनी असली तरी त्यांची सामग्री बहुतांशी एकच असते. तोच गाभा, तेच लिब्रेऑफिस, तोच फायरफॉक्स. भेद सामग्रीत नसून संपादनात असतो. एकाच संहितेच्या निरनिराळ्या संपादकांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्यांशी वितरणांची तुलना केली तर ती फारशी ओढूनताणून होणार नाही. एक संपादक एक पाठ स्वीकारतो आणि वाचकाला इतर पाठांची वार्ताही लागू देत नाही. दुसरा स्वीकृत पाठ वर छापून पाठभेद तळटीपेत देतो. तिसरा सगळी हस्तलिखिते वाचकाच्या पुढ्यात ठेवून बाजूला होतो. वितरणाचे परीक्षण म्हणजे त्याच्या संपादकाचे परीक्षण होय. त्याने कोणते निर्णय स्वतः घेतले, कोणते वापरणाऱ्यावर सोपविले आणि घेतलेल्या निर्णयांचा हिशेब कोठे मांडून ठेवला, हे पाहावयाचे असते.

(लोकप्रियतेच्या याद्यांवरून निवड करण्याचा मार्ग पुष्कळांना आकर्षक वाटतो. २००१ पासून चालत आलेली डिस्ट्रोवॉचची यादी या कामी नेहमी पुढे केली जाते. पण ती यादी त्या त्या वितरणाचे पान किती वेळा उघडले गेले एवढेच मोजते. वापराचे माप म्हणून तिच्याकडे पाहू नये, असे तिचे चालकही सांगत आले आहेत. ग्रंथालयात किती जणांनी एखाद्या पुस्तकाची पाठ वाचली यावरून त्याच्या वाचकांची गणना करण्यासारखे ते आहे.)

आता ‘अनुभव’ या शब्दाकडे वळावे. रूढ शिडीचे गृहीतक असे की अनुभव ही एकजिनसी राशी असून ती वर्षांनी वाढते. हे गृहीतक टिकणारे नाही. वीस वर्षे दररोज संगणकावर लिहिणाऱ्या प्राध्यापकाला मेनूतील प्रत्येक सोयीचा परिचय असतो. फाइल नेमकी कोठे साठविली जाते हे मात्र त्याला सांगता येत नाही. उलट, संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला प्रक्रिया, स्मृती, फाइल-व्यवस्था यांची तात्त्विक समज असते. पण मध्यरात्री यंत्र सुरूच होईनासे झाले आणि सकाळी निबंध द्यावयाचा आहे, अशा वेळी त्याचा हात थरथरतो. परिचय वेगळा, समज वेगळी आणि निस्तरण्याची शक्ती वेगळी. काव्यहेतूंच्या चर्चेत मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांना पृथक् मानून त्यांच्या समुच्चयात हेतुत्व पाहिले, ती दृष्टी येथे उपयोगी पडते. कार्यप्रणालीच्या निवडीत परिचयाला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले जाते, कारण तो लगेच दिसतो. जुन्या पडद्यासारखा पडदा असला की माणसाला हायसे वाटते. पण पडद्याचा परिचय पंधरा दिवसांत होतो. बिघडलेले निस्तरता येणे ही गोष्ट पंधरा दिवसांत होत नाही, आणि खरा अधिकार तिच्यावरच अवलंबून असतो.

याच ठिकाणी सुलभ आणि सुबोध या दोन शब्दांतील अंतर लक्षात घ्यावे लागते. सुलभ म्हणजे सहज लाभणारे. सुबोध म्हणजे सहज कळणारे. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली तेव्हा त्यांनी तिच्यातील कठीण भाग गाळला नाही. सातशे श्लोकांच्या जागी नऊ हजारांवर ओव्या लिहून तो उलगडला. गीतेचा दोन पानी सारांश देणाऱ्या पुस्तिकेनेही गीता एका अर्थी सोपी होतेच, परंतु ते सोपेपण वेगळ्या जातीचे. पहिले वाचकाचा अधिकार वाढविते; दुसरे त्याचा अधिकार आहे तेथेच ठेवून त्याची गरज भागविते. दोहोंचेही स्थान आहे. मात्र एकाच्या नावाने दुसरे विकले जाऊ नये. ‘नवख्यांसाठी’ या विशेषणाखाली जी वितरणे येतात ती सुलभ असतात. ती सुबोध असतात असे त्यावरून सिद्ध होत नाही.

उबुंटूचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये निघालेल्या या वितरणाने डेबियनची सामग्री घेतली, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचा नेम केला, आणि मागेल त्याला तबकड्या टपालाने फुकट पाठविल्या. त्यापूर्वी लिनक्स इन्स्टॉल करणे हा एक संस्कारविधी असे. उबुंटूने तो विधी संपविला. हे त्याचे ऐतिहासिक कार्य नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वापरणाऱ्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या संपादकावर जी जबाबदारी येते, तिचे भान त्याला नेहमी राहिले असे म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीत, वापरणारा आपल्याच यंत्रावर काही शोधू लागला तर ते शोधशब्द जाळ्यावर पाठवून ॲमेझॉनवरील वस्तू त्याला दाखविण्याची सोय मुळातच चालू ठेवलेली होती. स्टॉलमन यांनी तिला हेरगिरी म्हटले. पुष्कळ वादानंतर २०१६ च्या आवृत्तीत ती मुळात बंद ठेवण्यात आली. ज्यांना समज होती त्यांनी ती सोय पहिल्या दिवशीच काढून टाकली होती. ज्यांच्यासाठी म्हणून उबुंटू होते त्या नवख्यांच्याच यंत्रांवर ती चार वर्षे नांदली. सौलभ्याचा भार असा सर्वांत अल्प अधिकार असणाऱ्यावर पडतो.

लिनक्स मिंटविषयी अधिक आदराने बोलावे लागेल. २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्र यांनी सुरू केलेले हे वितरण उबुंटूच्या पायावर उभे आहे. मिंटची वृत्ती मात्र संग्राहक नसून संरक्षक आहे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ ने डेस्कटॉपची जुनी मांडणी मोडून काढली, तेव्हा वापरणाऱ्याची वर्षानुवर्षांची हातसवय ही टाकून देण्याची वस्तू नव्हे, अशी भूमिका मिंटने घेतली आणि सिनॅमन हा आपला डेस्कटॉप घडविला. जुन्या ग्नोम २ लाच पुढे जिवंत ठेवणारा माते हा दुसरा डेस्कटॉपही मिंटने जवळ केला. गमतीचा भाग असा की मातेचा आरंभ अर्जेंटिनातील एका आर्च वापरणाऱ्याने केला होता. शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या माणसाला खालच्या पायरीवरची सोय हवीशी वाटली, यातच शिडीच्या कल्पनेचे पुरेसे परीक्षण होते. मिंटचे आणखी एक श्रेय टाइमशिफ्टचे. यंत्राच्या कार्यप्रणालीची स्थिती टिपून ठेवून बिघाड झाल्यास मागे नेण्याचे हे साधन २०१७ पासून मिंटने वापरणाऱ्याच्या अगदी समोर आणून ठेवले. निस्तरण्याची शक्ती ज्याच्यापाशी नाही त्याला ती उसनी देणे, हे खऱ्या अर्थाने अधिकारभेद ओळखणे होय. (टाइमशिफ्ट कार्यप्रणाली सांभाळते, प्रबंध सांभाळत नाही. लेखनाच्या प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवाव्याच लागतात.)

तथापि मिंटच्या इतिहासातही एक प्रसंग आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी त्याच्या संकेतस्थळात शिरून कोणी अधिकृत प्रतीच्या जागी चोरदरवाजा असलेली प्रत ठेवली. उतरवून घेतलेल्या प्रतीची छाननी करण्याची रीत तेव्हाही होती. अधिकृत प्रतीची खरी अंकमुद्रा विश्वासार्ह ठिकाणाहून घेऊन ताडून पाहिली असती तर फसवणूक उघडी पडण्याची शक्यता होती. पण ती ताडून पाहण्याचा अभ्यास नवख्याला कोणी लावलेला नव्हता. दहा मिनिटांचे हे एक कौशल्य. आणि ते ‘प्रगत’ म्हणून पुढच्या इयत्तेत ढकललेले. वास्तविक पहिल्याच दिवशी शिकवावयाच्या ज्या दोनचार गोष्टी आहेत त्यांत याची गणना व्हावयास हवी.

आता शिडीच्या दुसऱ्या टोकाकडे. स्लॅकवेअर हे आज चालू असलेल्या वितरणांतील सर्वांत जुने; पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी ते जुलै १९९३ मध्ये काढले. २०१६ च्या १४.२ नंतर १५.० ही आवृत्ती यावयास फेब्रुवारी २०२२ उजाडावे लागले, यावरून त्याची चाल कळते. त्याचे मूळ पॅकेज-साधन परस्परावलंबनाची सोडवणूक करीत नाही. एका कार्यक्रमास दुसरा लागत असेल तर ते माणसाने ओळखावे अशी अपेक्षा असते. आर्च २००२ मध्ये जड विनेट यांनी सुरू केले. ते सतत वाहते आहे, त्यात आवृत्त्या नाहीत. इन्स्टॉल करताना डिस्कचे विभाग पाडण्यापासून भाषेची निवड करण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट आज्ञा लिहून करावी लागे. एप्रिल २०२१ पासून आर्चइन्स्टॉल नावाचे मार्गदर्शक साधन अधिकृत प्रतीतच मिळू लागले आहे. हे साधन आले तेव्हा काही जुन्या मंडळींना वाईट वाटले. त्या वाईट वाटण्याचा अर्थ असा, की कष्ट हे साधन न राहता भूषण झाले होते. दिलेल्या आज्ञा क्रमाने उतरवून काढणे म्हणजे समजणे नव्हे. पाठांतराने घनपाठी होता येते, अर्थज्ञान वेगळे.

परंतु आर्चच्या बाबतीत खरी मोलाची गोष्ट इन्स्टॉल करण्याचा विधी नसून त्याचा विकी आहे. मुक्तस्रोत जगातील हा सर्वांत मोठा भाष्यग्रंथ म्हणावा लागेल. एखादा घटक काय करतो, तो बिघडला तर कोठे पाहावे, दोन पर्यायांत अंतर काय, हे त्यात मूळ कारणापासून सांगितलेले असते. म्हणून डेबियन, फेडोरा किंवा मिंट वापरणारेही अडले की तेथेच येतात. आर्च सुलभ नाही, पण सुबोध आहे. आणि त्याचा सुबोध भाग घेण्यासाठी त्याचा दुर्लभ भाग स्वीकारण्याची सक्ती नाही. ही गोष्ट रूढ सल्ल्यात कोठेच येत नाही. मिंटवर काम करावे आणि आर्चचे भाष्य वाचावे, यात कसलीही विसंगती नाही.

मध्ये उभे असलेले डेबियन सर्वांत अधिक विचार करायला लावते. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये त्याची घोषणा केली. १९९७ मध्ये डेबियनने एक सामाजिक करार स्वीकारला. त्यातील मुक्तपणाच्या निकषांवरूनच पुढच्या वर्षी मुक्तस्रोत या संज्ञेची अधिकृत व्याख्या तयार झाली. म्हणजे ज्या संज्ञेखाली ही सगळी चर्चा चालली आहे तिचा अर्थ डेबियनच्या घरात ठरला. त्या करारात आपले प्राधान्य वापरणाऱ्यांना आणि मुक्त सॉफ्टवेअरला राहील असे एकाच दमात म्हटले आहे. हे दोन धनी एकमेकांशी भांडले तर काय करावयाचे, याचे उत्तर डेबियनला पंचवीस वर्षे द्यावे लागत होते. भांडण फर्मवेअरवरून होते. आजच्या बहुतेक लॅपटॉपमधील वाय-फायचा भाग, निर्मात्याने दिलेला एक बंदिस्त कार्यक्रम आत उतरविल्याखेरीज जागा होत नाही. तो कार्यक्रम मुक्त नाही म्हणून डेबियनच्या अधिकृत प्रतीत नसे. परिणामी नवखा मनुष्य डेबियन घालून बसे आणि त्याचे यंत्र जाळ्यापासून तुटलेले राही. फर्मवेअरसह अनधिकृत प्रत शेजारीच ठेवलेली असे, पण ती शोधण्यासाठी ती आहे हे ठाऊक असावे लागे. तत्त्व निष्कलंक राहत होते ते ज्ञात्यांना मागचे दार माहीत होते म्हणून. ऑक्टोबर २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून करारातच दुरुस्ती केली, आणि जून २०२३ मधील बारावी आवृत्ती फर्मवेअर आत घेऊनच निघाली. ज्यांना ते नको असेल त्यांना इन्स्टॉल करतानाच ते नाकारण्याची सोयही ठेवली आहे.

या निर्णयावर तत्त्वच्युतीचा आरोप झाला. तो सर्वस्वी खोटा नाही. बंदिस्त वस्तू ती बंदिस्तच. ती आत आली म्हणून मुक्त झाली नाही. परंतु येथे निर्णयाइतकीच निर्णयाची रीत पाहावयास हवी. प्रश्न उघड मांडला गेला, पर्याय लिहून ठेवले गेले, मते मोजली गेली आणि करारातील शब्द बदलून पूर्वीचे शब्द व नवे शब्द दोन्ही वाचावयास मोकळे ठेवले. पाठ बदलला, पण तळटीप देऊन बदलला. २०१२ मध्ये उबुंटूच्या वापरणाऱ्यांना न विचारता शोधशब्द बाहेर गेले त्याशी हे ताडून पाहावे. डेबियन आता पुष्कळ सुलभ झाले आहे. त्याचा मंद वेग, म्हणजे सुमारे दोन वर्षांनी एक आवृत्ती आणि प्रत्येक आवृत्तीस सुमारे पाच वर्षांचा आधार, हा प्रबंध लिहिणाऱ्यास दोष वाटण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली तेरावी आवृत्ती घालणाऱ्या विद्यार्थ्याला पीएच. डी. संपेपर्यंत कार्यप्रणाली बदलावी लागणार नाही, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.

वेगाचा हा मुद्दा अनुभवाशी थेट जोडलेला आहे, व तोही विपरीतपणे मांडला जातो. नवे ते अनुभवी माणसासाठी आणि जुने ते नवख्यासाठी, असा समज आहे. फेडोरा दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढते व प्रत्येकीस सुमारे तेरा महिने सांभाळते. आर्चला तर थांबणे ठाऊक नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघडकीस आणले की एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकोचन-साधनाच्या ताज्या आवृत्त्यांत कोणी चोरदरवाजा बसविला होता. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या क्षुल्लक खुणेवरून त्यांनी मागोवा घेतला. डेबियनच्या प्रायोगिक शाखेत आणि फेडोराच्या आगामी आवृत्तीच्या चाचणी-शाखेत तो पाठ पोचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो आला नव्हता, कारण ती मागेच होती. यावरून मागे असणे म्हणजे नेहमी सुरक्षित असणे, असा नियम काढता येणार नाही. जुन्या सामग्रीत जुनी भगदाडेही असतात व ती बुजविण्याचे कष्ट कोणी घ्यावे लागतात. पण नवेपणा हा अधिकाराचा अलंकार नव्हे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. वाहत्या वितरणाची चूक निस्तरण्याची सोय हवी असेल तर ओपनसुझे टंबलवीडकडे पाहावे. ते वाहतेच आहे, पण प्रत्येक बदलापूर्वीची स्थिती टिपून ठेवते आणि यंत्र सुरू होतानाच मागे जाण्याचा मार्ग देते. शिडीच्या कोणत्या पायरीवर ते ठेवावे हे शिडीवाल्यांना आजवर ठरविता आलेले नाही.

अनुभवाने सर्व संकटांचे निवारण होत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण एखाद्या व्यक्तीचे नसून संस्थांचे आहे. फर्मीलॅब आणि सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा रेड हॅटच्या व्यावसायिक वितरणाच्या मुक्त सामग्रीपासून सायंटिफिक लिनक्स हे आपले वितरण चालवीत असत. २०१९ मध्ये फर्मीलॅबने त्याची पुढची आवृत्ती न काढता सेंटओएस ८ स्वीकारण्याचे ठरविले. त्याचा आधार २०२९ पर्यंत अपेक्षित होता. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की सेंटओएस ८ चा आधार २०२१ च्या अखेरीसच संपेल. अणुगर्भाचा वेध घेणाऱ्या या संस्थांपाशी समज कमी होती असे कोणी म्हणणार नाही. उणीव होती ती निर्णयाच्या मालकीत: संपादन आपल्या हातून गेले, आणि ज्याच्या हाती गेले त्याने ते आपल्या हिताप्रमाणे बदलले. तरीही येथे मुक्तपरवान्याचे सामर्थ्य दिसून आले. सामग्री सर्वांची असल्यामुळे २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही दोन वितरणे त्याच पायावर उभी राहिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये या दोन्ही प्रयोगशाळांनी आपल्या प्रयोगांसाठी अल्मालिनक्सची शिफारस केली. विंडोज १० वापरणाऱ्यांना २०२५ मध्ये असा दुसरा दरवाजा नव्हता.

रूढ सल्ल्यातून आणखी एक गोष्ट निसटते. अनुभव हा केवळ एका माणसाचा नसतो, तो शेजाराचाही असतो. केरळातील शासकीय शाळांत मुक्तस्रोत कार्यप्रणाली रुजली ती तेथील शिक्षक जन्मतःच संगणकात निष्णात होते म्हणून नव्हे. राज्याच्या यंत्रणेने, म्हणजे पूर्वीच्या आयटी@स्कूल आणि आताच्या काइट या संस्थेने, उबुंटूवर आधारलेली एकच प्रत सर्वांना दिली, मल्याळम भाषेची सोय केली आणि शिक्षकांना शिकविले म्हणून. ज्या विभागात तीन जण डेबियन वापरतात तेथे चौथ्याचा अधिकार, त्याची वैयक्तिक तयारी काहीही असो, डेबियनपुरता वाढलेला असतो. एकट्याने निवडलेले सर्वोत्तम वितरण आणि शेजारी वापरीत असलेले दुय्यम वितरण यांत दुसरे पत्करणे हे बहुधा शहाणपणाचे ठरते.

मराठीच्या अभ्यासकाचा अनुभव तर या शिडीत कोठेच बसत नाही. त्याने वीस-पंचवीस वर्षे श्रीलिपी किंवा आयएसएम यांसारख्या, विंडोजसाठी रचलेल्या साधनांवर मजकूर लिहिलेला असतो. त्या मजकुराची अक्षरे युनिकोडमध्ये नसून त्या त्या फॉन्टच्या खाजगी संकेतात असतात. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. असा माणूस लिनक्सवर आला की नवखा ठरतो, आणि त्याला मिंट दिले जाते. मिंटने त्याची अडचण सुटत नाही; आर्चनेही सुटली नसती. ती अडचण कार्यप्रणालीची नव्हेच, ती संहितेची आहे. उलट ज्याने इन्स्क्रिप्ट कळफलकावर हात बसविला आहे त्याचा अनुभव जसाच्या तसा सर्वत्र चालतो, कारण तो कळफलक विंडोजमध्ये आहे आणि प्रत्येक प्रमुख वितरणातही आहे. एकाचे वीस वर्षांचे कौशल्य सीमेवर जप्त होते, दुसऱ्याचे दोन वर्षांचे कौशल्य बिनदिक्कत पार होते. हा भेद वर्षांचा नाही, प्रमाणित संकेत पाळण्या न पाळण्याचा आहे.

अक्षरांच्या घडणीविषयीही वितरणा-वितरणांत फरक शोधणे व्यर्थ आहे. देवनागरी जुळवून दाखविण्याचे काम करणारी हार्फबझ ही साधनशाखा बहुतेक सर्व वितरणांत एकच असते. फरक पडतो तो फॉन्टमध्ये आणि भाषेच्या निर्देशात. मजकुराची भाषा मराठी असल्याचे लिब्रेऑफिसला सांगितले आणि नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट निवडला, तर ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे मिळतात; भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणाची मिळतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द वेगळे उमटतात की नाही, हे पाहण्यास कोणतेही वितरण यंत्रावर कायमचे घालण्याची गरज नसते. मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्या प्रती पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतात. ज्या विभागाची यंत्रे ऑक्टोबर २०२५ पासून आधाराविना चालली आहेत त्याने अशा एका पेनड्राइव्हवर एक दुपार घालवावी. पण त्याआधी, जुने विंडोज अजून सुरू होत आहे तोवर, श्रीलिपी-आयएसएममधील प्रबंध युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत आणि जोडाक्षरे, रफार व अर्धा र मुद्दाम नजरेखालून घालावेत, कारण रूपांतरात पहिली पडझड होते ती तेथे.